कमोडोर ६४ वर चेकबुकाचा हिशेब: प्रोग्राम मध्येच थिजतो, नोंदी गायब होतात, शिल्लक जुळत नाही

कमोडोर ६४ या १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकावर चेकबुकाचा हिशेब ठेवणाऱ्या प्रोग्रामचं लक्षण असं. महिन्याचे पहिले दोन आठवडे प्रोग्राम सुरळीत चालतो. मग एखाद्या संध्याकाळी तुम्ही बिलं घेऊन बसता, चेक कुणाच्या नावे आहे ते टाइप करून रिटर्न दाबता आणि पडदा थिजतो. कर्सर दिसत नाही. रन/स्टॉप दाबा, स्पेस दाबा, काही होत नाही. मिनिटभर वाट पाहून तुम्ही उजव्या बाजूचं बटण बंद करून पुन्हा चालू करता. निळा पडदा येतो, ३८९११ बाइट मोकळ्या असल्याचं यंत्र सांगतं, आणि त्या संध्याकाळी भरलेला एकही चेक उरलेला नसतो.

माझ्या ओळखीतल्या तीन घरांत जुनी कमोडोर यंत्रं माळ्यावरून खाली आली, आणि तिन्ही घरांनी मला हेच विचारलं. १९८५ साली जर्सी सिटीतल्या आमच्या दोन खोल्यांत मीही हेच भोगलं होतं. म्हणून आधी एकच गोष्ट सांगते: बटण बंद करू नका. यंत्र अडकलेलं नाही. ते झाडलोट करतंय.

(खालच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. यंत्रावर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

थिजण्याचं कारण

कमोडोरच्या बेसिकमध्ये (यंत्रातली प्रोग्राम लिहायची भाषा) तुम्ही टाइप केलेलं प्रत्येक नाव, म्हणजे कुठलाही मजकूर, मेमरीच्या वरच्या टोकाकडून खाली रचलं जातं. नाव बदललं, तर जुनं पुसलं जात नाही. नवं त्याच्या खाली लिहिलं जातं आणि जुनं तिथंच कचरा म्हणून पडून राहतं. अशानं जागा संपत आली की बेसिक काम थांबवून सगळी जिवंत नावं पुन्हा वरच्या टोकाला नीट रचून घेतं. यालाच गार्बेज कलेक्शन म्हणतात.

या रचण्याची पद्धत मात्र वेळखाऊ आहे. सगळी नावं तपासून सर्वांत वर असलेलं एक शोधायचं, ते जागेवर ठेवायचं, मग पुन्हा पहिल्यापासून सगळी तपासून पुढचं शोधायचं. म्हणजे नावं दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. पन्नास चेकांना जे कळतही नाही, तेच काही शे चेकांना मिनिटांच्या हिशेबात जातं. महिन्याच्या सुरुवातीला प्रोग्राम चपळ असतो आणि शेवटी मंदावतो, तो यामुळेच. यंत्र बिघडलंय, तापलंय, जुनं झालंय म्हणून असं होतं हा समज सोडून द्या. आज लॅपटॉपवर व्हाइससारख्या एम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) हाच प्रोग्राम चालवलात, तर तिथंही तो त्याच जागी थिजेल, कारण आतलं बेसिक तेच आहे.

खरंच झाडलोट चालू आहे की यंत्र कायमचं गेलंय, हे ओळखायला एकच उपाय: घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा. चहा करून घ्या. बहुतेक वेळा परत याल तेव्हा पुढचा प्रश्न पडद्यावर आलेला असेल. रन/स्टॉप आणि रिस्टोअर एकत्र दाबायचा मोह टाळा. नावं हलवण्याचं काम अर्ध्यावर तुटलं, तर एका चेकावर दुसऱ्याचंच नाव चिकटलेलं सापडू शकतं.

कायमचा उपाय: नावं कमी करा

मी माझा प्रोग्राम एका मासिकातली छापील यादी बघून हातानं टाइप केला होता. दोन रविवार लागले होते. त्यामुळे त्यात फेरफार करणं मला शक्य होतं. तुमचाही प्रोग्राम बेसिकमधला असेल, लिस्ट म्हटल्यावर ओळी दिसत असतील, तर हे जरूर करा.

अशा प्रोग्राममध्ये दर चेकामागे बहुधा चार मजकूर साठवलेले असतात: तारीख, कुणाला, खर्चाचं सदर आणि टीप. तीनशे चेक म्हणजे बाराशे मजकूर. यातल्या तिघांना मजकूर असण्याचं काहीच कारण नाही.

तारीख संख्या म्हणून ठेवा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ७ मार्च १९८५ म्हणजे ८५०३०७. याचे फायदे दोन. संख्या लहानमोठ्या क्रमानं लावल्या की तारखाही आपोआप क्रमानं लागतात. आणि आपल्या लोकांचा नेहमीचा घोळ मिटतो. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी. मी पहिलं वर्षभर ३/७ कधी तीन जुलै म्हणून, तर कधी सात मार्च म्हणून भरत होते, आणि मार्चचे चेक जुलैच्या पानावर शोधत बसत होते.

सदर आकड्यानं ठेवा. १ म्हणजे भाडं, २ वीज, ३ किराणा, ४ घरी पाठवलेले पैसे, असं. यासाठी नावापुढं टक्क्याचं चिन्ह असलेला पूर्णांक ॲरे (एकाच नावाखालच्या घरांची रांग) वापरा. त्यात एका घराला दोनच बाइट लागतात, साध्या संख्येच्या ॲरेत पाच. टीप काढूनच टाका. ती कागदी रजिस्टरमध्ये लिहा.

आता तीनशे चेकांना तीनशेच मजकूर उरले. मजकूर चौथाईवर आले, म्हणजे झाडलोटीचा वेळ सोळाव्या हिश्शावर आला. माझ्याकडे हा बदल केल्यावर प्रोग्राम पुन्हा कधी तसा थिजला नाही.

प्रोग्राम विकतचा असेल, आत हात घालता येत नसेल, तर वर्षाची एकच फाइल ठेवू नका. दर तिमाहीला नवी फाइल उघडा आणि मागची शिल्लक पहिली नोंद म्हणून भरा. परिणाम जवळपास तोच मिळतो.

शिवाय झाडलोट आपल्या सोयीच्या वेळी करून घेता येते. एक्स = फ्रे(०) ही ओळ चालली की बेसिक ती तिथल्या तिथं करतं. फाइल डिस्कवर लिहायला उघडण्याच्या *आधी* ही ओळ घाला आणि पडद्यावर "थांबा" असं काहीतरी छापा. दर नोंदीनंतर मात्र घालू नका. कचरा थोडा असो वा फार, वेळ जिवंत मजकुरांच्या संख्येवर ठरतो, आणि दर चेकाला थांबून तुम्ही कंटाळाल. (फ्रे(०) छापून पाहिल्यावर ऋण आकडा आला तर घाबरू नका. त्यात ६५५३६ मिळवा, ती खरी मोकळी जागा.)

झाडलोट नसतानाही नोंदी जातात तेव्हा

तीन सवयी तपासा. तिन्हींत यंत्र आपण सांगितलं तेच करतं, म्हणून चूक लक्षात येत नाही.

पहिली: प्रोग्राम चालू असताना चुकून रन/स्टॉप दाबलं जातं, पडद्यावर ब्रेक येतं आणि आपण पुन्हा रन टाइप करतो. रन म्हणजे सगळ्या नोंदी रिकाम्या करून पहिल्यापासून सुरुवात. त्याऐवजी कॉन्ट टाइप करा. तो चालला नाही, तर मेन्यू ज्या ओळीवर सुरू होतो तिथं गोटू करा, म्हणजे नोंदी टिकतात. मेन्यूच्या ओळीचा क्रमांक मी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला होता. मध्ये प्रोग्रामची एखादी ओळ दुरुस्त केलीत, तरी नोंदी जातात. दुरुस्ती आधी, भरणं नंतर.

दुसरी: डिस्कवर काय आहे ते बघायला लोड"$",८ करणं. डिस्कची यादी प्रोग्रामच्या जागी येऊन बसते. प्रोग्रामही गेला, चेकही गेले. यादी बघायची ती चेकबुक लोड करण्यापूर्वी.

तिसरी: विचारलेल्या प्रश्नाला नुसतं रिटर्न. इनपुटला (प्रोग्राम उत्तर मागतो ती आज्ञा) रिकामं रिटर्न दिलं, तर त्या जागी आधीचंच मूल्य राहतं. रक्कम न भरता पुढं गेलात, तर मागच्या चेकाची रक्कम या चेकाला लागते. हे "गायब" नसतं, पण शिल्लक घसरली की आपल्याला वाटतं एखादी जमा नाहीशी झाली. उपाय सोपा: प्रत्येक इनपुटच्या आधीच्या ओळीत ती जागा शून्य किंवा रिकामी करा.

लिहिताना वीज गेली किंवा बटण बंद झालं

हा प्रकार जास्त गंभीर, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फाइल डिस्कवर लिहिणं चालू असताना यंत्र बंद झालं, तर फाइल उघडीच राहते. ड्राइव्ह (डिस्क वाचणारं-लिहिणारं यंत्र) वेगळ्या बटणावर असला तरी सुटका नाही. कमोडोर चालू होताना जोडणीच्या वायरीतून ड्राइव्हलाही नव्यानं सुरू व्हायला लावतो. नंतर यादीत त्या फाइलच्या प्रकाराआधी एक तारा दिसतो आणि लांबी शून्य दाखवते. प्रोग्राम ती वाचायला गेला की ड्राइव्हचा दिवा लुकलुकायला लागतो.

दिवा लुकलुकतो तेव्हा ड्राइव्ह काहीतरी सांगत असतो, ते विचारून घ्या. चेकबुक लोड करण्यापूर्वी हा छोटा प्रोग्राम टाइप करा. इनपुट# थेट चालत नाही, ओळी लागतातच:

१० ओपन १५,८,१५
२० इनपुट#१५,ए,बी$,सी,डी
३० प्रिंट ए,बी$,सी,डी
४० क्लोज १५

पहिला आकडा महत्त्वाचा. ० म्हणजे ठीक. २६ म्हणजे डिस्कच्या खाचेवर चिकटपट्टी आहे, लिहिता येणार नाही. ६० म्हणजे फाइल बंद न झालेली. ६२ म्हणजे त्या नावाची फाइल नाही. ७२ म्हणजे डिस्क भरली. ७३ नुकतंच चालू केल्यावर येतो, तो ड्राइव्हचा नमस्कार आहे, दोष नाही.

६० आला असेल, तर दोन गोष्टी करू नका. ती फाइल स्क्रॅच करू नका, म्हणजे डिस्कवरून पुसू नका. तिचे शेवटचे दुवे अर्धवट असतात आणि पुसताना दुसऱ्याच फाइलचे भाग मोकळे झाल्याची नोंद होऊ शकते. आणि लगेच व्हॅलिडेटही (डिस्कच्या मोकळ्या जागेची फेरमोजणी) करू नका, कारण त्यानं ती फाइल कायमची जाईल. आधी तिच्यातलं वाचून घ्या. वाचण्यासाठी ती शेवटी आर न लावता एम लावून उघडायची: ओपन २,८,२,"नाव,एस,एम". ड्राइव्ह मग अर्धवट फाइलही वाचू देतो. एकेक नोंद वाचून पडद्यावर छापा आणि *दुसऱ्या* डिस्कवर नव्या फाइलमध्ये लिहा. शेवटाकडे अर्थहीन अक्षरं दिसू लागली की तिथं थांबा. त्यापुढचं त्या जागी पूर्वी असलेलं जुनं काहीतरी असतं.

सगळं सुरक्षित झालं, की मग ओपन १५,८,१५,"व्ही०":क्लोज १५. यानं डिस्क आपली मोकळी जागा पुन्हा मोजते आणि तारावाली फाइल निघून जाते. इथं एक अपवाद आहे, तो नीट वाचा: काही विकतचे प्रोग्राम यादीत न दिसणाऱ्या ब्लॉकांत (डिस्कवरच्या ठराविक आकाराच्या तुकड्यांत) माहिती ठेवतात. अशा डिस्कवर व्हॅलिडेट केलं, तर ते ब्लॉक मोकळे धरले जातात आणि पुढच्या लिखाणात तुमचे चेक पुसले जातात. डिस्कवर फाइली थोड्या दिसत असूनही ६६४ पैकी बरेच ब्लॉक वापरलेले असतील, तर व्हॅलिडेटला हात लावू नका.

प्रोग्राम चुकीमुळे मध्येच थांबला, यंत्र चालू आहे आणि ड्राइव्हचा दिवा स्थिर पेटलेला आहे, असं असेल तर काम सोपं आहे. ओपन १५,८,१५:क्लोज १५ एवढंच टाइप करा. आदेशवाहिनी (ही १५ क्रमांकाची) बंद झाली की ड्राइव्ह आपल्या सगळ्या उघड्या फाइली नीट मिटतो. डिस्क बाहेर काढण्याआधी हे करायचं, नंतर नाही.

जतन करण्याची माझी रीत सांगते. जुन्या नावावरच @ लावून लिहिणं मी कधीच सोडलं. नवी फाइल नव्या नावानं लिहायची, वरच्या चार ओळींनी ० येतो का बघायचं, मग जुनीचं नाव बदलून ठेवायचं. मागची एक पिढी डिस्कवर कायम असते. आणि दोन डिस्का आलटून पालटून: विषम महिन्यांची एक, सम महिन्यांची एक.

या दोन डिस्कांची गोष्ट करताना एक खोड सांगायलाच हवी, कारण तिनं माझं १९८६ चं अख्खं एप्रिल नेलं. डिस्क फॉरमॅट करताना नावापुढं दोन अक्षरी ओळख द्यावी लागते. मी दोन्हींना तीच ओळख दिली होती. ड्राइव्ह डिस्क बदलल्याचं या ओळखीवरून समजतो. ओळख सारखी असेल, तर त्याला वाटतं जुनीच डिस्क आत आहे, आणि पहिल्या डिस्कचा मोकळ्या जागेचा नकाशा धरून तो दुसरीवर लिहीत सुटतो. प्रत्येक डिस्कला वेगळी ओळख द्या आणि ती लेबलावरही लिहा. जुन्या डिस्का अशाच असतील, तर डिस्क बदलल्यावर दर वेळी ओपन १५,८,१५,"आय०":क्लोज १५ करा.

बाकी काळजी थोडक्यात: चालू-बंद करताना डिस्क आत नको, ड्राइव्ह टीव्हीला चिकटून नको, आणि तो तासाभरात चांगलाच तापतो म्हणून त्याच्यावर वह्या रचू नका.

नोंदी सगळ्या आहेत, तरी शिल्लक जुळत नाही

बँकेच्या मासिक स्टेटमेंटवरची शिल्लक घ्या. त्यात, तुम्ही भरलेली पण बँकेत अजून न दिसणारी जमा मिळवा. त्यातून न वटलेले चेक वजा करा. आलेला आकडा प्रोग्रामच्या शिल्लकेशी जुळायला हवा. आम्हाला तेव्हा बँक वटलेले चेकच स्टेटमेंटबरोबर परत पाठवायची. जेवणाच्या टेबलावर ते क्रमानं मांडून मी एकेकावर खूण करत असे.

फरक २.३८४१८५७९ई-०७ असा विचित्र, म्हणजे जवळपास शून्यच, दिसत असेल, तर तुमची काहीच चूक नाही. कमोडोर संख्या द्विमान (बायनरी) पद्धतीत साठवतो आणि दहा सेंट त्या पद्धतीत नेमके बसतच नाहीत, जसे आपल्या पद्धतीत एक भागिले तीन बसत नाही. शिल्लक ५१२ ते १०२४ डॉलरच्या दरम्यान असते, तेव्हा यंत्राचं सगळ्यात बारीक माप नेमकं एवढंच असतं. प्रोग्राम मात्र "फरक शून्य आहे का?" असं विचारतो आणि कायम "नाही" असंच उत्तर मिळतं. यावर उपाय म्हणजे हिशेब डॉलरांत न ठेवता सेंटांत ठेवणं. रक्कम भरल्याबरोबर इंट(ए*१००+.५) करा आणि पुढं सगळी बेरीज-वजाबाकी पूर्णांकांत होऊ द्या. ४२९ कोटींपर्यंतचे पूर्णांक यंत्र तंतोतंत साठवतं, म्हणजे सेंटांत चार कोटी डॉलरांहून जास्त. घरखर्चाला पुरेल. पण रकमेसाठी टक्क्याचा पूर्णांक वापरू नका. तो ३२७६७ वर थांबतो, आणि ३२७ डॉलर ६७ सेंटांच्या वरचा भाड्याचा चेक चूक दाखवून प्रोग्राम बंद पाडेल. छापताना पुन्हा शंभरानं भागायचं. खातं ऋण असेल तर चिन्ह बाजूला काढून मग भागा, कारण इंट ऋण संख्येला खालच्या पूर्णांकावर नेतो आणि उणे १२.३४ चे उणे १३ डॉलर होतात.

फरक मोठा असेल, तर स्वल्पविराम शोधा. १,२५० असं टाइप केलंत, तर यंत्र १ घेतं, बाकीचं टाकून देतं आणि "जास्तीचं दुर्लक्षिलं" अशा अर्थाची एक ओळ दाखवतं. ती ओळ पुढच्या प्रश्नाच्या गडबडीत दिसत नाही. हजारांचा स्वल्पविराम कधीच टाइप करू नका. नावात स्वल्पविराम आला, तर त्याहून वाईट. भरताना नाव तुटतं, आणि एखाद्या वाटेनं तो फाइलमध्ये गेलाच, तर वाचताना एका नावाची दोन होतात आणि पुढची प्रत्येक नोंद एक घर सरकते. रकमेच्या जागी नाव आणि नावाच्या जागी तारीख दिसायला लागली, तर हेच झालंय. लिहिताना नावाच्या दोन्ही बाजूंना सीएचआर$(३४), म्हणजे अवतरणचिन्ह, घाला.

हे सगळं नीट असेल आणि तरी काही सेंटांचा किंवा डॉलरांचा फरक उरला, तर चूक टाइप करण्यात आहे. फरकाच्या निम्म्या रकमेची एखादी नोंद आहे का बघा. असली, तर जमा नावे पडलीय किंवा नावे जमा. तशी नसेल, तर फरक सेंटांत घेऊन ९ नं भागा. नि:शेष भाग गेला, तर बहुधा शेजारचे दोन आकडे उलटे टाइप झालेत. माझा ६३ सेंटांचा फरक मी तीन रात्री शोधत होते. ६३ ला ९ नं भाग जातो हे चौथ्या रात्री सुचलं, आणि पाच मिनिटांत सापडला: लायब्ररीच्या दंडाचा चेक, ५.८१ चा, मी ५.१८ भरला होता.